बरणीतला आवाज

हॉलमध्ये खुर्च्या त्रेसष्ट होत्या. माणसं त्याहून जास्त होती, कारण मागच्या भिंतीला टेकून अकराजण उभे होते आणि खिडकीच्या कट्ट्यावर दोन बायका एकमेकींना धरून बसल्या होत्या. पंखे चार, चारही बंद. एक टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारी काळी चादर. टेबलावर काचेची एक रिकामी बरणी आणि बरणीच्या मागे निळा दिवा. भिंतीवरच्या फळ्यांवर घट्ट झाकणं लावलेल्या आणखी सत्तावीस बरण्या, त्याही तितक्याच रिकाम्या, प्रत्येकीवर एकेक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर फक्त तारीख. टेबलाशेजारी एक खुर्ची. त्या खुर्चीत दादा.

धाकटी हे सगळं मोजत होती, कारण मोजत राहिलं की दादाकडे बघावं लागत नव्हतं.

दादाच्या डाव्या कानात रबरी नळी खुपसलेली होती. नळीचं दुसरं टोक बरणीच्या झाकणातल्या भोकातून आत सोडलं होतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखा बसला होता. पहिल्या रांगेत आई. तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

टेबलामागच्या माणसाला सगळे ‘बरणीवाले सर’ म्हणत. पांढरा कोट, खिशाला तीन पेनं.

“मला बाबा म्हणू नका,” सर म्हणाले. “मी मंत्र घालत नाही, राख देत नाही. मी संशोधक आहे. आजचं लेटेस्ट संशोधन काय सांगतं? की कानात येणारे हे आवाज बाहेरून येत नाहीत, मेंदूतच तयार होतात. बरोबर? आता मला सांगा, डोळ्यात कचरा गेला तर आपण काढतो की नाही?”

“काढतो,” लोक म्हणाले.

“पायात काटा गेला तर?”

“काढतो.”

“मग मेंदूत आवाज झाला तर तो तिथेच ठेवून वर गोळ्या कशाला खायच्या? जगात कोणी याची जनुकं शोधतंय, कोणी रक्तातली सूज मोजतंय, कोणी आतड्यातले जंतू चाळतंय. कोणी तर कॉम्प्युटरला माणसाचं बोलणं ऐकवून विचारतंय, की बाबा रे, हा पुढच्या वर्षी आजारी पडेल का? शोधा म्हणावं, सावकाश शोधा. आम्ही तोवर काढून दाखवतो.”

लोक हसले. धाकटी हसली नाही. या माणसाच्या प्रत्येक वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता, आणि ते तिला नीट कळत होतं, कारण तो अर्धा भाग हाच तिचा रोजचा धंदा होता. ती विज्ञानाची पदवी घेऊन दीड वर्षापूर्वी एका प्रयोगशाळेत लागली होती. तिथे ज्यांना आवाज ऐकू येतात त्या माणसांच्या ऐकण्यावर काम चालायचं.

आणि दादाला सहा वर्षांपासून आवाज ऐकू येत होता. एका पुरुषाचा. तो शिव्या देत नसे, हुकूम सोडत नसे; फक्त दादा जे करेल ते सांगत बसे. बघा, आता हा दार लावतोय. बघा, आता हा बटण चुकवतोय. गोळ्या सुरू झाल्यापासून तो भिंतीपलीकडच्या रेडिओइतका हळू झाला होता आणि दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामावर नीट जात होता. पण तो होता. आईला तो ‘हळू’ नको होता. आईला तो नको होता.

“आता तो बरणीत उतरतोय,” सर म्हणाले. “दिव्याकडे लक्ष. दिवा लागला की बरणीतून आवाज येईल. ऐकू आला तर हात वर. किती खात्री आहे ते बोटांनी दाखवा. पक्की असेल तर पाच, थोडी असेल तर एक. नाहीच आला तर मूठ.”

दिवा लागला. बरणीतून, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा, लांबट ‘हूऽऽ’ आला. हॉलभर पंजे वर झाले.

पुन्हा दिवा, पुन्हा आवाज, थोडा बारीक. पुन्हा. पुन्हा.

“मला तर शब्दसुद्धा कळला,” बसचा एक निवृत्त कंडक्टर म्हणाला.

“काय म्हणाला?”

“जातो म्हणाला.”

खिडकीतल्या बायकांनी एकमेकींना आणखी घट्ट धरलं.

“आता तो विरळ होत चाललाय,” सर कुजबुजले. “संशयी कानाला आता ऐकू येणार नाही. ज्याचं मन स्वच्छ, त्यालाच येईल.”

अर्थात, यापुढे मूठ दाखवणार कोण? तरी लोक ढोंग करत नव्हते. माना कलत्या करून, श्वास रोखून ऐकत होते. निळा दिवा लागत होता आणि बोटं वर होत होती. धाकटीलाही ऐकू आला. अगदी बारीक, पण आला. तिने चार बोटं वर केली.

आणि ती चार बोटं हवेत असतानाच तिची नजर त्यांच्यावर गेली.

बोटं. एक ते पाच बोटं आणि मूठ. ही युक्ती तिची स्वतःची होती.

*

गेल्या वर्षी प्रयोगशाळेने सामान्य लोकांसाठी एक दिवस दारं उघडी ठेवली होती. ‘लोकांना कळेल असं काहीतरी दाखव,’ असं तिथल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, म्हणून धाकटीने प्रयोगशाळेतलाच प्रयोग सभागृहात मांडला. पडद्यावर चौकोन उमटायचा आणि त्याच्याबरोबर एक बारीक ‘टीं’ वाजायचा. काही वेळाने ती ‘टीं’ हळूहळू कमी करत न्यायची. शेवटी तर वाजवायचीच नाही, नुसता चौकोन दाखवायचा. लोक तरीही हात वर करत. प्रयोगशाळेत उत्तरासाठी बटणं होती. सभागृहात सगळ्यांना बटणं कुठून देणार, म्हणून तिने बोटांनी खात्री दाखवायची युक्ती काढली. मॅडम तेव्हा तिला शाबास म्हणाल्या होत्या.

तिने लोकांना समजावून सांगितलं होतं. मेंदू काही कानाकडून बातमी येण्याची वाट बघत बसत नाही. तो आधी अंदाज बांधतो आणि मग कानाला विचारून घेतो. चौकोन आणि ‘टीं’ पुष्कळदा जोडीने आले, की नुसता चौकोन दिसताच मेंदू ‘टीं’ स्वतःच भरून टाकतो. हे सगळ्यांच्याच मेंदूत होतं. ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांच्यात जास्त होत असावं, अंदाजाचं पारडं कानापेक्षा जड होत असावं, असं अलीकडच्या प्रयोगांवरून दिसतंय, आणि तेच आम्ही तपासतोय.

पुढच्या रांगेतल्या एका माणसाने मन लावून टिपणं घेतली होती. भाषण संपल्यावर तो जवळ आला होता. ‘मॅडम, शेवटी लोकांनी फसावं म्हणून आधी खरा आवाज साधारण किती वेळा वाजवावा लागतो?’ तिला ‘मॅडम’ म्हणणारा तो पहिलाच माणूस. तिने त्याला अगदी कागदावर आकृती काढून दिली होती. त्याच्या खिशाला तीन पेनं होती.

*

“आता?” सरांनी दादाच्या कानातली नळी काढत विचारलं. “आहे का कोणी बोलणारं?”

सगळा हॉल दादाच्या तोंडाकडे बघत होता. दादाने आईकडे बघितलं, मग धाकटीकडे. तिचा हात अजून अर्धवट वर होता.

“शांत आहे,” दादा म्हणाला.

टाळ्या. आई रडायला लागली, मग हसायला लागली, मग दोन्ही. शेजारच्या बेकरीवाल्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा स्वतःचा मुलगा पुढच्या रविवारी त्याच खुर्चीत बसायचा होता.

“फक्त एक पथ्य,” सर म्हणाले. “गोळ्या बंद. गोळीने उरलेला आवाज मेंदूला चिकटतो, मग मला काढता येत नाही.”

धाकटीने तोंड उघडलं. उभं राहायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? हा माझा भाऊ आहे. ही युक्ती माझी आहे. आणि मी, रोज हाच प्रयोग करणारी, आत्ता चार बोटं दाखवून बसले.

तिने तोंड मिटलं.

जिन्यावरून उतरताना आई म्हणाली, “बरं झालं तू बरोबर होतीस. तू हात वर केलास तेव्हाच माझी खात्री पटली.”

*

धाकटी पुढच्या रविवारीही गप्प राहिली, त्याच्या पुढच्याही. घरात तिने दोनदा विषय काढला. पहिल्यांदा आई म्हणाली, “सहा वर्षांनी पोरगं शांत झोपलंय, त्यात तुझी नाट लावू नकोस.” दुसऱ्यांदा आईने नुसतंच बघितलं, आणि ते जास्त लागलं.

प्रयोगशाळेत तर सांगायची सोयच नव्हती. तिथे तिने पहिल्याच आठवड्यात, चहा पिता पिता, ‘भाऊ परगावी नोकरीला असतो’ असं सांगून टाकलं होतं. कोणी खोदून विचारलं नव्हतं. तिनेच आपणहून सांगितलं होतं. नियम असा होता, की प्रयोगाच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतः तिथल्या खुर्चीत बसायचं, कानाला हेडफोन लावून पूर्ण प्रयोग करून घ्यायचा. तिने सर्दी झाल्याचं सांगितलं, मग कान दुखतोय म्हणून सांगितलं, मग लोक विसरले. पेशंटच्या भावाबहिणींना हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे तिने पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. बहुतेक भावंडांना तो होत नाही, हे त्याच्या पुढच्याच ओळीत होतं. ती पहिल्या ओळीपाशी अडकली होती.

तिसऱ्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानातून फोन आला. मालक भला माणूस होता. आवाज चढवला नाही.

“ताई, तुमच्या दादांनी आज तीन चष्मे दिले, तिन्हींत दोन्ही काचा डाव्या डोळ्याच्याच. बरं वाटत नाही का त्यांना? मी विचारलं तर म्हणाले, उजव्या बाजूला कोणीतरी उभं आहे.”

त्या संध्याकाळी दादा, तिथून आवाज आत येऊ नये म्हणून, स्वयंपाकघरातल्या धूर बाहेर टाकायच्या पंख्यावर पुठ्ठा लावत होता. चिकटपट्टीचे चार थर आधीच झाले होते.

“दादा, तो आहे ना अजून?”

“तो गेलाच नव्हता,” दादा पट्टी तोडत म्हणाला.

“मग शांत आहे असं का म्हणालास?”

“इतकी माणसं माझ्याकडे बघत होती. आईचा चेहरा बघितला होतास का तू तेव्हा?” त्याने पट्टी दाबून बसवली. “आणि तू चार बोटं दाखवलीस. तू शिकलेली. मला वाटलं, हिला ऐकू येतोय म्हणजे खरंच बाहेर आला असेल. मला जे येतंय तो उरलासुरला असेल.”

धाकटीने चिकटपट्टीचं रीळ उचलून ओट्यावर ठेवलं.

“आता तर तो चिडलाय,” दादा म्हणाला. “म्हणतो, मला बरणीत कोंडायला निघाला होतास काय. आधी नुसता सांगायचा, आता धमकावतो. सर म्हणाले, मुळं राहिली असतील, रविवारी पुन्हा बस.”

“आणि गोळ्या?”

“गोळी घेतली तर चिकटेल ना गं तो. मग कायमचाच.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडम प्रयोगाच्या खोलीत हेडफोन पुसत होत्या. हे काम त्या कोणाला देत नसत.

“मॅडम, माझा भाऊ परगावी नाही,” धाकटी म्हणाली. “इथेच असतो. त्याला आवाज ऐकू येतात.”

मग तिने बाकीचं सांगितलं. बरणी, दिवा, बोटं. मॅडमचा हात थांबला तो ‘गोळ्या’ या शब्दावर.

“बंद करून किती झाले?”

“तीन आठवडे होतील.”

“झोप?”

“तीन-चार तास. कमीच.”

“आणि तू मला आज सांगतेस.”

“हो.”

मॅडमनी हेडफोन खाली ठेवले. “गोळ्या एकदम तोडल्या की आजार उलटायचा धोका किती वाढतो, हे मी तुला शिकवायला नको. तुझ्या टेबलावर त्याचीच कात्रणं असतात. प्रत्येक उलटण्यानंतर माणूस पूर्वीइतका सावरेलच असं नाही, हेही तुला माहीत आहे.”

“हो.”

“भावाची लाज बाहेर वाटली असती तर मी समजले असते. या खोलीत वाटली, हे मला लागलं.”

शेजारच्या खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली.

“प्रात्यक्षिक मात्र चुकीचं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “सुरी दाखवली म्हणून कोणी खून केला, तर सुरी दाखवणाऱ्यावर खटला होत नाही. पण खून होताना गप्प बसलीस, तेवढं तुझं. त्याच्या डॉक्टरांना मी फोन करते. तू आधी त्याला त्यांच्यासमोर आणून बसव.”

“तो येणार नाही, मॅडम. तो रविवारची वाट बघतोय.”

“मग रविवारी काय करायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.”

*

रविवारी हॉल तसाच भरला होता. दादा खुर्चीत होता, पण इस्त्रीचा शर्ट नव्हता आणि उजवा खांदा कोणी चिमटा काढेल या भीतीने आत ओढलेला होता. दिवा लागला, ‘हूऽऽ’ आला, बोटं वर झाली, ‘हूऽऽ’ विरत गेला. सर म्हणाले, “आता फक्त स्वच्छ मनाला.”

“सर,” धाकटी उभी राहिली. तिचा आवाज फाटला, म्हणून ती पुन्हा म्हणाली, “सर, तुम्ही संशोधक आहात ना?”

“अर्थातच, ताई.”

“मग एक तपासणी करूया. साधी आहे. सगळ्यांनी खुर्च्या वळवून टेबलाकडे पाठ करायची. आवाज बरणीत असेल तर पाठीमागूनही येईल. कान काही तोंडावरच नसतात.”

थोडे लोक हसले. सरही हसले, पण त्यांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं, आणि तिच्या लक्षात आलं, की यांनी आपल्याला ओळखलं.

“ताई, हा सर्कशीचा तंबू नाही. पेशंटच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“पेशंट माझा भाऊ आहे.”

हे वाक्य तिने चारचौघांत पहिल्यांदाच म्हटलं होतं. कान गरम झाले, पण छप्पर काही कोसळलं नाही.

“मागच्या वेळी चार बोटं दाखवलीत तुम्ही,” सर मोठ्याने म्हणाले. “बघितलंय मी.”

“हो, दाखवली. म्हणूनच तपासायचंय.”

“बघू द्या की पोरीला,” कंडक्टर म्हणाला. “आमचे कान चांगले आहेत. पाठ केली म्हणून काय झालं?” आणि त्याने स्वतःची खुर्ची खरकन वळवली. त्याच्या मागोमाग रांगा वळल्या. सरांना ‘नको’ म्हणायला फट उरली नाही.

“दिवा मी लावतो,” सर म्हणाले.

“नको. तुम्ही इकडे माझ्याजवळ उभे राहा. दिवा आई लावेल.” धाकटीने हॉलला विचारलं, “माझ्या आईवर कोणाचा संशय आहे का? तिचा तर सरांवर पूर्ण विश्वास आहे.”

कोणाचाच नव्हता. आई उठली. मुलीकडे न बघता टेबलापाशी गेली आणि बटणावर बोट ठेवून उभी राहिली.

“आई, तुला वाटेल तेव्हा लाव, वाटेल तेव्हा थांब. तोंडाने काही बोलू नकोस. बाकी सगळ्यांनी, आवाज आला की बोटं दाखवायची.”

आईने दिवा लावला. एकही हात वर झाला नाही. तिने विझवला, जरा थांबून पुन्हा लावला. हात नाही. मग ती नुसतीच उभी राहिली, काहीच न करता. खाली रस्त्यावर कुठलं तरी शटर वर गेलं आणि दोन-तीन हात वर आले. एक पाच बोटांचा. ते बघून नव्हे, पण सगळ्यांचीच वाट बघून झाली होती, म्हणून आणखी आले. डावीकडे चार, मागे सात-आठ. कंडक्टरने पंजा असा ताणून धरला होता की जणू बस थांबवतोय.

“आला,” तो म्हणाला. “स्वच्छ आला.”

“अहो,” आई म्हणाली, “मी तर बटण दाबलंच नाही.”

हात हळूहळू खाली आले. काहींनी वळून बघितलं. आई दिव्याकडे आणि लोकांकडे आळीपाळीने बघत होती. तिने पुन्हा, सगळ्यांना दिसेल असा, दिवा लावला. टेबलाकडे वळून बघणाऱ्यांतल्या चौघांचे हात आपोआप निम्मे वर गेले, आणि त्यांनी ते लगेच मांडीखाली घातले.

दादा खुर्चीतून उठला. कोणाला न विचारता त्याने काळी चादर वर केली. टेबलाच्या फळीला खालून एक डबीएवढा स्पीकर चिकटवलेला होता. त्याची वायर सतरंजीखालून सरांच्या उभं राहायच्या जागेपर्यंत गेली होती, आणि तिथे सतरंजीखाली पायाने दाबायचं बटण होतं. दादाने पाय ठेवला. ‘हूऽऽ.’

“हे सुरुवातीला,” धाकटी म्हणाली. “आवाज खरा वाजतो, दर वेळी थोडा कमी. नंतर पाय उचललेला असतो. पुढचं आपलं आपणच ऐकतो.”

सर म्हणाले, की स्पीकर केवळ मार्गदर्शक ध्वनीसाठी आहे, तो उपचाराचाच भाग आहे, आणि अर्धवट शिकलेल्यांमुळेच देश मागे राहतो. बोलता बोलता त्यांनी पेनं खिशात नीट बसवली आणि जिन्याच्या दिशेला सरकले. कंडक्टर आणि आणखी दोघे त्यांच्या मागे गेले. त्यांना बरंच काही विचारायचं होतं.

पण बेकरीवाल्या बाई धाकटीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. सरांवरचा सगळा राग त्यांनी तिच्यावर काढला.

“म्हणजे मी खोटारडी? माझ्या मुलाचा आवाज त्या बरणीत मी माझ्या कानांनी ऐकला. त्याच्या गोळ्या मी माझ्या हातांनी मोरीत ओतल्या. मला काय कळत नाही?”

“तुम्ही खोटारड्या नाही, काकू. तुम्हाला ऐकू आला. मलाही आला. ऐकू आला हे खरं, बरणीत होता हे खोटं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. मेंदू असाच बनलाय, तुमचा, माझा, सगळ्यांचा. तो ज्याची वाट बघत असतो ते कधीकधी स्वतःच तयार करतो.” तिने श्वास घेतला. “तुमच्या मुलाचंही तसंच आहे, फक्त फार जास्त, आणि त्याला ते बंद करता येत नाही. तोही खोटं बोलत नाही. त्याला कोणी झपाटलेलं नाही. कोणी तुम्हाला काही दाखवलं, की भक्त होऊ नका आणि शत्रूही होऊ नका. एवढंच विचारा, की पाठ फिरवली तरी हे असंच राहील का? आणि त्याच्या गोळ्या आजच पुन्हा सुरू करायचं बघा. मनाने नाही, त्याच्या डॉक्टरांना विचारून. आजच.”

“हे तुला मागच्या वेळीच सांगता आलं असतं,” बाई म्हणाल्या.

“हो,” धाकटी म्हणाली. “आलं असतं.”

बाई मुलाचा हात धरून निघून गेल्या.

*

घरी आईने पंख्यावरचा पुठ्ठा सोलून काढला. गोळ्यांची पट्टी जेवणाच्या टेबलावर ठेवली, ग्लास ठेवला, आणि स्वतः आत निघून गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

“तो बरणीत नव्हता हे कळलं,” दादा म्हणाला. “पण गोळी घ्यायची म्हणजे तो माझ्यातच आहे असं कबूल करायचं. म्हणजे मी वेडा.”

“दादा, मी आत्ताच सांगितलं ना, सगळ्यांचाच मेंदू...”

“ते तू काकूंना सांगितलंस. छान सांगितलंस.” त्याने ग्लास गोल फिरवला. “तू सांगतेस त्या तुमच्या प्रयोगाच्या खुर्चीत तू बसलीस का कधी?”

“नाही.”

“सगळ्यांना बसवता ना?”

“हो.”

“मग?”

“भीती वाटली.”

“कसली?”

“तुझ्यासारखी निघेन, याची.”

दादा उजव्या बाजूला, जिथे कोणी नव्हतं तिथे, एकदा बघून परत तिच्याकडे वळला. राग आलेला दिसला नाही. थकलेला दिसला.

“मी आजारापायी लपायचं, तू भीतीपायी लपायचं, आणि गोळी मी एकट्याने घ्यायची. असं नाही चालत, छोटे. उद्या डॉक्टरांकडे येतो मी. त्यांनी सांगितलं तर घेतो. पण तिथे, तुझ्या खोलीत घेणार. तू खुर्चीत बसलीस की.”

दुसऱ्या दिवशी दादाच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, झोपेचं विचारलं, गोळी कमी मात्रेपासून पुन्हा चढवत न्यायची असं ठरवलं. तिथून तिघं प्रयोगशाळेत आले. दादा, धाकटी आणि आई, जिला ही जागा आजवर फक्त पत्त्याने माहीत होती. मॅडमनी दादाला आपल्या शेजारी, यंत्रासमोर बसवलं आणि सुरू करायचं बटण कुठलं ते दाखवलं.

“हे दाबलं की तिच्यासमोर चौकोन येतील. काहींबरोबर आवाज असेल, काहींबरोबर नसेल. कुठे आहे ते यंत्राला माहीत, तिला नाही. न वाजलेला आवाज थोडाफार सगळ्यांनाच ऐकू येतो; शून्य अजून कोणाचं आलेलं नाही.”

काचेपलीकडे धाकटीने हेडफोन चढवले आणि दोन बटणांवर दोन अंगठे ठेवले. तिचे तळवे ओले झाले होते, तिने ते पँटला पुसून पुन्हा ठेवले. दादाने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याला, ग्लास आईच्या हातात दिला. मग बटण दाबलं.

प्रयोग संपला. मॅडमनी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचले. आवाज न वाजवलेल्या फेऱ्या नव्वद. त्यांपैकी ‘ऐकू आला’ हे बटण दाबलं, एकोणतीस वेळा.